तिसरा हिस्सा

लिही, जर्वेस. पण शाई आधी निखाऱ्यांजवळ धर,
या दलदलीच्या मुलखात फेब्रुवारीत शाईही गोठते.

कायदा म्हणतो, विधवेला तिसरा हिस्सा.
परवा शेरीफची माणसं दोरी घेऊन आली
आणि त्यांनी घर मोजलं.
मला मिळाली पूर्वेची खोली, तिच्याखालचं तळघर,
दर तिसऱ्या दिवशी भटारखान्यातली भट्टी,
तळ्यातला दर तिसरा ईल,
गिरणीच्या पिठात मूठभर,
आणि मोठ्या दारातून ये-जा करण्याची मुभा.
ही मुभा वेगळी लिहून दिली आहे, शिक्क्यासकट.
बेचाळीस वर्षं ज्या दारातून मी
सुइणी आत घेतल्या, प्रेतं बाहेर काढली,
एका बिशपला घोड्यासकट ताटकळत ठेवलं,
त्या दाराची मुभा.

सून पेट्रोनिला नम्र आहे. म्हणाली,
जिना कुणाचा ते राहूनच गेलं.
पायऱ्या एकवीस. मी म्हटलं, सात माझ्या. वरच्या.
तिला हसू आलं नाही.
वॉरिन जोड्यांकडे बघत राहिला, थेट बापासारखा.

वाटणीची मला सवय आहे.
माझा बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांची.
माझं पालकत्व विकलं गेलं दोनशे मार्कांना,
त्याच पावतीवर एक बहिरी ससाणाही होती.
ती लंगडी निघाली. माझ्याबद्दल तक्रार आली नाही.
ड्रोगो अकराचा. लग्नाच्या रात्री आम्ही
शिकारी कुत्रीच्या एका पिल्लावरून भांडलो
आणि त्याला मधे घेऊन झोपलो.
पुढे तो गॅस्कनीत राहिला, लढायांत राहिला,
देणेकऱ्यांच्या घरी राहिला.
इथे असायचा तेव्हा चांगला होता.
मागे मी बांध बांधून घेतले, मेंढ्या मोजल्या,
त्याच्या नावाने शिक्का उठवला,
आणि त्याच्या पत्रांत त्याने विचारलं
फक्त कुत्र्यांबद्दल. ते लिहू नकोस.

ती पोथी दे इकडे. स्तोत्रांची, कातडी सुटलेली.
समासात माझं अक्षर आहे, वाकडं, तरी माझंच.
इडोनिया, सुगीत जन्मली, सुगी संपायच्या आत गेली.
जुळे, नाव ठेवायला पाद्री पोचला नाही,
सुइणीनेच डोक्यावर पाणी घातलं.
अमिसिया, मठात आहे, चीज पाठवते
आणि सोबत मठाधिपतीणबाईंच्या चहाड्या.
लोरा, यॉर्कशायरला दिलेली,
वर्षाला एक निरोप, तोही मेंढपाळाच्या तोंडून.
नऊ नावांच्या नऊ जागा, दोन कोऱ्या.
बोटं मोडू नकोस, जर्वेस,
हा हिशेब मी तुझ्या आधी केलाय.

आणि हा फुल्क. पानावर मेणाचा डाग आहे ना, तिथे.
सहा वर्षांचा. बदकाची अंडी शोधायला गेला
वाळुंजांच्या खाली, जिथे बांध वळतो.
पाणी जेमतेम कमरेएवढं होतं.
माझ्या कमरेएवढं.

ती जागा वॉरिनच्या दोन भागांत गेली आहे.
दोरीवाल्यांनी तिला कुरण म्हटलं.
वसंतात पेट्रोनिला तिथली झाडं तोडणार,
टोपल्यांना फोक लागतात म्हणते.
खरंही असेल.

तर लिही: मी, थॉर्नीहोमची हॅविस, शुद्धीवर आहे.
भट्टी सोडते. पाव विकत आणीन.
ईलही ठेवा, मला कधी आवडलेच नाहीत.
त्या बदल्यात वळणापासून तिसऱ्या वाळुंजापर्यंत
बांधाची तेरा पावलं माझ्या नावाने करा.
पावलं माझी, शेरीफची नव्हेत.

कारण विचारतील.
लिही, तिथलं गवत चांगलं आहे.